शेंदराखालची रेघ

आमच्या कॉलेजातल्या कुठल्याही मीटिंगमध्ये चहा यायच्या आत कुणीतरी 'बेंचमार्क' हा शब्द काढतंच. प्राचार्य काढतात, तपासणीला येणारे पाहुणे काढतात, आणि नुकतेच नोकरीला लागलेले एक सर तर सायकल स्टँडच्या बाबतीतही आपण बेंचमार्क गाठला पाहिजे म्हणाले. मी बुलढाण्यात इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, पण शब्दांची अशी भेळ केलेली मला अजून पचत नाही. माझा स्वभाव तापट आहे असं घरचे म्हणतात. मी म्हणते, तापट वगैरे काही नाही, मला फक्त शब्द धुऊन-पुसून वापरलेले आवडतात.

सोमवारी पहिल्या तासाला एक जोडशब्द फोडायचा ही माझी जुनी खोड. 'ब्रेकफास्ट' फोडला तर आत उपास मोडणं सापडतं, आणि रोजे धरणाऱ्या मुली लगेच मान डोलावतात. 'ब्लॅकबोर्ड' फोडला की पोरं समोरच्या हिरव्या फळ्याकडे बोट दाखवून मला अडचणीत आणतात. 'बेंचमार्क' लिहिला की मात्र वर्ग हमखास हसतो, कारण त्यांच्या मते बेंच म्हणजे ते बसलेत तो, आणि मार्क म्हणजे त्यावर कर्कटकानं कोरलेली नावं. मी त्यांना पोटभर हसू देते आणि मग सांगायला लागते.

इंग्रज मोजणीदार जागेची समुद्रापासूनची उंची मोजत गावोगाव फिरायचे. एखाद्या ठिकाणची उंची पक्की झाली, की तिथल्या न हलणाऱ्या दगडावर, पुलाच्या खांबावर नाहीतर एखाद्या जोत्यावर आडवी खाच कोरायची आणि तिच्याखाली वर टोक असलेला बाण. पुढं कधी कुणी मोजायला आला, की त्या खाचेत लोखंडी कोनपट्टी बसवायची. ही पट्टी म्हणजे बेंच, मोजमापाची बैठक. तिच्यावर आकडे लिहिलेली उंच काठी उभी करायची आणि दुर्बिणीतून वाचायची. काठी दर वेळी नेमक्या त्याच उंचीवर उभी राहावी, एवढ्यासाठी ती खूण. म्हणून बेंचमार्क.

मग तो शब्द दगडावरून उतरून गावभर फिरायला लागला. शेअर बाजारात गेला, कंप्युटरवाल्यांकडे गेला, हिंडत हिंडत आमच्या मीटिंगमध्ये आला. आता त्याचा अर्थ ज्याच्याशी आपली तुलना करायची ते, इतकाच राहिलाय. आणि ती तुलनाही आपण शक्यतो आपल्याला बरी दिसेल अशीच निवडतो. मला त्या शब्दातला मूळचा हट्ट आवडतो. खूण जागची हलत नाही, मोजणाऱ्यानं तिच्यापाशी यायचं आणि ती सांगेल ते घेऊन जायचं.

हे सगळं मी वर्गात रंगवून सांगायची, पण खरा बेंचमार्क मी जन्मात पाहिला नव्हता. शब्दकोशात एक छोटं चित्र होतं, तेवढंच. मग एका उन्हाळ्यात, परीक्षांचे पेपर तपासायला घेतले होते तेव्हा, मोठीमायचा फोन आला.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आम्ही सगळे शिक्षणा-नोकरीच्या मागं गाव सोडून गेलो. मोठे बाबा वारले, तिचा मुलगा पुण्याला स्थिरावला, आणि ती एकटी खालच्या गल्लीतल्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घरात राहिली. मुलानं पुण्याला नेऊन पाहिलं होतं. आठवडा काढून ती परत आली. तिथं दार उघडलं की दुसऱ्याचं दार दिसतं, एवढीच तिची तक्रार होती, पण ती तिच्यालेखी पुरेशी होती.

फोनवर ती इतकंच बोलली. "माह्यं घर पाण्यात चाल्लं म्हणतात. तू इंग्रजी शिकवतं नं, तं ये आन् त्या मोजणीवाल्या बाईसंग बोल."

गावाखालच्या नदीवर धरण होतंय. भिंत उभी राहत आलीय. पाणी कुठवर चढणार याची चुन्याची रेघ मोजणीवाल्यांनी गावातून ओढली होती. रेघेच्या खालच्या घरांनी नव्या गावठाणात जायचं, वरच्यांनी जागीच राहायचं. ही रेघ मोठीमायच्या मागच्या भिंतीला लागून गेली होती. म्हणजे तिचं घर जाणार आणि पाठीमागच्या शेजाऱ्याचा गोठा राहणार. मी बुलढाण्याहून एसटीनं आणि पुढं जीपनं गावात पोचले तेव्हा ती त्या रेघेपाशीच उभी होती. चुन्यावर पाय पडू नये म्हणून साडी थोडी उचलून धरली होती.

तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्या सासूच्या काळापासून किती पूर आले, पण पाणी कधी तिच्या उंबऱ्याला लागलं नाही, मग आता कसं लागेल. मी तिला समजावून पाहिलं, की पुराचं पाणी येतं आणि जातं, धरणाचं साठून राहतं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी इंग्रजीत बोलले होते. आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दल बोलतानाही 'मी जातो, मी करतो' म्हणतात, पुण्यामुंबईचे लोक त्यावर हसतात. मोठीमाय तसं बोलायला लागली की मला मात्र कायम वाटतं, हिच्यापुढं आपण काही टिकत नाही. ती म्हणाली, "तुह्यं बराबर असन. पण मी हे घर कोनाच्या सांगण्यावर सोडतो, ते मले समजलं पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीवाल्या इंजिनियर बाई आल्या. चिखलीकडच्या, पस्तिशीच्या आतबाहेरच्या, उन्हानं रापलेल्या. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण त्यांनी अंगणातल्या बाजेवर बसून मोठीमायचं सगळं ऐकून घेतलं, एकदाही घड्याळ पाहिलं नाही, आणि माझी धार तिथंच बोथट झाली. मोठीमायनं विचारलं, की पाणी इथवर येईल हे तुम्ही कशावरून म्हणता. बाईंनी सांगितलं, रस्त्यावरच्या पुलावर उंचीची खूण आहे, तिथून मोजत आलो.

"तो पूल?" मोठीमाय म्हणाली. "तो तं माह्यासमोर पाडला आन् माह्यासमोर बांधला. त्याचे मजूर माह्या वसरीत जेवत होते."

दुसरं कुणी असतं तर 'आजी, आमच्याकडे सगळं बरोबर असतं' म्हणून उठलं असतं. या बाईंनी खरं सांगितलं. पूल नवा झाल्यावर खूण पुन्हा केलेली आहे, ती तपासलेलीही आहे, त्यांच्या मते बरोबरच आहे. पण याच गावात एका दगडावर इंग्रजांच्या वेळची मूळ खूण होती. ती मिळाली असती तर प्रश्नच नव्हता. त्यांनी दोनदा शोधली, लोकांना विचारलं, कुणालाच माहीत नाही. दगड बहुतेक कुठल्यातरी रस्त्याच्या खडीत गेला असावा. बोलता बोलता त्यांनी वाळकी काडी उचलली आणि मातीत काढून दाखवलं. वर एक आडवी रेघ, तिच्याखाली एका टोकाला मिळणाऱ्या तीन रेघा.

मी शब्दकोशातलं चित्र लगेच ओळखलं. तोंड उघडणार, इतक्यात मोठीमाय बाजेवरून खाली वाकली आणि त्या तीन रेघांवरून बोट फिरवू लागली. एकेक रेघ, खालून वर. मग तिचं बोट थांबलं.

"हा माह्या मसोबाचा त्रिशूळ हाय," ती म्हणाली.

गल्लीच्या शेवटी, नदीकडे उतरताना, कडुनिंबाखाली आमचा मसोबा आहे. गुडघ्याएवढा उभा काळा दगड, त्यावर शेंदराचे थर, चांदीचे दोन डोळे. त्याची सेवा पिढ्यान्पिढ्या आमच्या घराकडे, आणि गेली कित्येक वर्षं एकट्या मोठीमायकडे. दर अमावास्येला आंघोळ, तेल आणि शेंदूर. ती नवी नवरी होती तेव्हा शेंदूर इतका चढलेला नव्हता. सासूनं तिचं बोट धरून दगडावरचा त्रिशूळ तिला दाखवला होता आणि आधी त्याच्या रेघा भरायच्या, मग बाकीचं अंग, असं शिकवलं होतं. पुढं थर वाढत गेले, रेघा बुजल्या, नव्या माणसांना तिथं काही आहे याचा पत्ता राहिला नाही. मोठीमाय मात्र अजूनही आधी त्याच जागी बोट फिरवायची, न दिसणाऱ्या रेघांवरून. मी लहानपणापासून हे पाहत होते आणि मला ती तिची लकब वाटायची.

आता गंमत कशी झाली ती बघा. सरकारला हवी असलेली खूण आमच्या घराण्यानं देव म्हणून जपली होती. देव नसता झाला तर तो दगड खरंच खडीत गेला असता. कुणी म्हणेल, अडाण्यांनी मोजणीच्या दगडाला शेंदूर फासला. म्हणोत. आलेल्या साहेबानं दगडावर एवढ्या निगुतीनं काही कोरलं, तर ते महत्त्वाचं असणार, हे आमच्या माणसांना कळलं होतं. कशासाठी महत्त्वाचं, तेवढं सांगायला साहेब थांबला नाही. मला त्या सगळ्या पिढ्यांचं कौतुक वाटलं, अगदी छाती भरून वाटलं.

पण खूण वाचायची तर शेंदूर काढायला हवा होता, आणि आमच्याकडे देवाचा शेंदूर माणसानं काढायचा नसतो. देव त्याच्या मर्जीनं शेंदराची खोळ टाकेल तेव्हा टाकेल. बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागतो! निंबाखाली माणसं जमली. कुणी म्हणालं, गावावर अरिष्ट येईल. रेघेच्या वरच्या घरांतल्यांना दुसरीच धास्ती होती. नव्या मोजणीत रेघ वर सरकली तर त्यांचीही घरं जातील, म्हणून तेही देवाच्या बाजूनं बोलू लागले. इंजिनियर बाईंनी मोठीमायला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की रेघ खाली येईल असं समजू नका. ती वरही जाऊ शकते, आहे तिथंही राहू शकते. तुमची इच्छा नसेल तर आम्ही दगडाला हात लावणार नाही.

मोठीमाय मसोबासमोर जाऊन बसली. मला तिची धाकधूक दिसत होती. घर वाचवायचं म्हणून देवाला सोलायचं, आणि तो सांगेल ते आपल्याविरुद्ध असलं तर घरही गेलं आणि देवही दुखावला. तिच्या जागी मी असते तर सरळ बाईंच्या पुलावरच्या खुणेशी भांडत बसले असते. त्यात निदान काही गमावायचं नव्हतं.

ती उठली आणि जमलेल्यांना म्हणाली, "इतके वर्स तेल घेऊन कोनी आलं नाई, आता काऊन आले? काई झालं तं माह्या डोक्यावर. तो सांगन ते मले मान्य हाय. तुमाले बी मान्य करा लागन." मग आंघोळीला निघून गेली.

लग्नाकार्याला नेसायची साडी नेसून ती परत आली. हातात जवसाच्या कोमट तेलाची लोटी, नारळाची करवंटी आणि एक धुतलेलं धोतर. आधी तिनं चांदीचे डोळे हलकेच सुटे केले आणि पदराच्या टोकाला बांधले. त्यानं हे पाहू नये म्हणून, असं ती मला हळूच म्हणाली. मग दगडावर तेल ओतत राहिली, मुरू देत राहिली, पुन्हा ओतत राहिली. छिन्नी नाही, खराटा नाही. शेंदूर मऊ पडल्यावर करवंटीच्या कडेनं आणि अंगठ्यानं एकेक पापुद्रा सोडवायला लागली. वरचे थर केशरी, आतले काळपट, मध्येच कुठं जुना वर्ख चमकायचा. प्रत्येक पापुद्रा ती धोतरावर ठेवायची. नदीत सोडायचे होते ते. मी मदतीला हात पुढं केला तर तिनं कोपरानं बाजूला सारला.

ऊन चढलं तेव्हा खाच दिसली. आडवी, दोन बोटं रुंद, कडा अजून धारदार. खाली तीन रेघा, एका टोकाला मिळालेल्या. इथल्याच कुणा पाथरवटानं ती कोरली असणार, साहेबाच्या सांगण्यावरून, कशासाठी ते न विचारता, पण काय सरळ कोरली होती! काळ्या दगडावरची रेघ असं आपण येता-जाता म्हणतो, मी ती तेव्हा पहिल्यांदा पाहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी फळ्यावर लिहीत होते तो शब्द तेलानं निथळत समोर उभा होता.

इंजिनियर बाईंबरोबर काठी धरायला संग्रामपूरचे एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी काही न सांगता चपला काढून बाजूला ठेवल्या, कोनपट्टी रुमालानं पुसली आणि खाचेत सरकवली. ती तिथं अशी बसली, जणू कालच कुणी बेतून ठेवली असावी. त्यांनी पट्टीवर काठी उभी केली आणि श्वास रोखल्यासारखे निश्चल उभे राहिले. बाई दुर्बिणीला डोळा लावून आकडे वाचत होत्या. मोठीमायनं हात जोडले होते. कुणाला, ते मी विचारलं नाही.

मग मोजणी गल्लीतून वर चढू लागली. दुर्बीण पुढं, काठी पुढं, पुन्हा दुर्बीण. सगळा गाव मागून. मोठीमाय काठीच्या अगदी जवळून चालत होती. तिच्या मागच्या भिंतीपाशी पोचल्यावर बाईंनी आकडा काढून वहीत टिपला. तशाच उलट मोजत परत दगडापर्यंत आल्या, कारण जिथून निघालो तिथं आकडा जुळला तरच मोजणी खरी. तो जुळला. त्या वर आल्या, भिंतीजवळ टेकून बसल्या आणि मग त्यांनी मोठीमायकडे पाहिलं. सांगायची गरजच राहिली नव्हती, पण त्यांनी सांगितलं. रेघ आहे तिथंच आहे. बोटभराचाही फरक नाही. साठलेलं पाणी घरात चुलीच्या वरपर्यंत उभं राहील.

वरच्या घरांतली माणसं सुटकेचा निःश्वास टाकून पांगायला लागली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणावर काढावा ते कळत नव्हतं. इंजिनियर बाई म्हणाल्या की त्यांना वाईट वाटतं, त्यांच्या आवाजावरून ते खरंच वाटत होतं. मोठीमायनं त्यांना पाणी दिलं, काठीवाल्यांना दिलं, आणि खाली गेली. पदराची गाठ सोडून डोळे पुन्हा बसवले, ताजा शेंदूर लावला. तीन रेघा भरल्या, बाकी अंग भरलं, पण वरची खाच मोकळी ठेवली. पाणी येईस्तोवर मोजणीला ती लागली तर असावी, म्हणाली.

परत येताना गल्लीतला एक जण म्हणालाच, की एवढं करून हाती काय आलं, देव मात्र फुकट उघडा केला. मी त्याच्यावर धावून जाणार होते. मोठीमायनं माझा दंड धरला.

"फुकट काऊन?" ती शांतपणे म्हणाली. "काल लोक सांगत होते घर सोड. लोकायच्या सांगण्यावर मी घर सोडत नव्हतो. आज त्यानं सांगतलं, तं सोडतो."

अंगणात येऊन तिनं छपराकडे एकदा पाहिलं आणि मला शिडी आणायला सांगितली. कवेलू चांगली होती, नव्या घराला लागणार होती, आणि ती फुटू न देता उतरवायची तर आजपासूनच हात लावायला हवा होता. मी शिडी धरून उभी राहिले. पहिलं कवेलू तिनं स्वतः काढलं.